साडेतेरा सेंटीमीटर

पापलेटला पोटाखालचे पर नसतात. बांगडा, सुरमई, रावस, यांतला कुठलाही मासा उताणा करून पाहिला तर छातीच्या परांच्या आसपास दोन छोटे पर बोटाला लागतात. पापलेटचं पोट मात्र हनुवटीपासून खाली गुळगुळीत उतरत जातं. खवले इतके बारीक की साफ करताना सुरीला फारसं काही लागत नाही, फक्त बोटं चंदेरी होतात. डोकं कापताना कल्ल्यांच्या मागे जरा नीट शोधलं, तर अन्ननलिकेच्या तोंडाशी एक जाडसर पिशवी सापडते. ती चिरून आत बोट फिरवावं, खरखरीत लागते. तिच्या आतल्या अस्तराला बारीक दातेरी काटे असतात. पापलेटच्या तोंडातले दात नावापुरते, खरं दळण घशामागच्या या पिशवीत होतं.

दळायचं असतं ते समुद्रात तरंगणारं बारीकसारीक जीवजंतूंचं खाणं, आणि त्यात जेलीफिशसारखे लिबलिबीत प्राणीही येतात. ज्यांच्या अंगात पाण्याखेरीज फारसं काही नसतं आणि बहुतेक मासे ज्यांच्या वाटेला जात नाहीत, ते खाऊन हा मासा स्वतःचं पांढरंशुभ्र, घट्ट मांस तयार करतो. मला याचं दर वेळी नवल वाटतं. ताटात आलेल्या तुकडीत एवढी कारागिरी आहे हे कळल्यापासून पापलेट साफ करायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

हा मासा आता महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, तसा सप्टेंबर 2023 पासून पापलेट राज्यमासा. मागणी पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी बंदराच्या मच्छीमारांकडूनच आली होती. पापलेट म्हटलं की सातपाटीचं नाव निघतंच. तिथल्या पुढून टोकदार मचव्याची बांधणी बोटींच्या जगात ‘सातपाटी पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिथल्या सहकारी संस्था गेली कित्येक दशकं पापलेट एकत्र विकत आल्या आहेत, दर ठरवून, प्रती लावून. एवढ्या मानाच्या माशाला राज्यमासा करा असं त्याला पकडणाऱ्यांनाच सांगावंसं वाटलं, याचं कारण अभिमान तर होतंच, पण त्याहून मोठं कारण भीती होतं. पापलेट कमी होत चाललं आहे आणि लहान होत चाललं आहे. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त काळजीची वाटते, आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे.

सातपाटीच्या धक्क्यावर बोट लागली की मासळीची निवड सुरू होते. हे काम बघत उभं राहावं. खलाशी किंवा बायका पाट्यांभोवती बसतात आणि हात नुसते चालत असतात. पापलेट उचललं, तळहातावर तोललं, टाकलं. काटा नंतर येतो, हाताला आधीच कळलेलं असतं. सगळ्यात मोठा, अर्धा किलोच्या वरचा तो सुपर सरंगा. त्याखालचा सरंगा. मग उतरत्या प्रती. दर प्रतीगणिक भाव पडत जातो, आणि तो सरळ हिशेबाने पडत नाही. सुपर सरंग्याच्या एका किलोला जे मिळतं, त्याच्या जवळपासही लहान पापलेटचा किलो जात नाही. मोठा मासा परदेशी जातो, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जातो, लग्नाच्या पंगतीत जातो. शेवटच्या पाटीत जे असतं ते वाट्यावर विकलं जातं.

त्या शेवटच्या पाटीकडे बघून मी एका तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारलं, “काका, एवढी पिल्लं परत सोडून का नाही देत?”

“मेलेली सोडून काय करायची, ताई?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “वर आली तेव्हाच मेलेली होती. पाण्यात टाकली तर बगळे खातील, घार खाईल. इथे आणली तर डिझेलचे चार पैसे सुटतात.”

मासेमारीच्या नियमनाबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण एवढ्या थोडक्यात त्यातली अडचण मला कुणी सांगितली नव्हती.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. पापलेटसाठी ती लांबी 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. सुरमईसाठी 370 मिलिमीटर, बोंबलासाठी 180. साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे माझ्या हातावर मनगटापासून मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंत. ही पोसलेल्या पापलेटची लांबी नव्हे, कायद्याने आखलेली अगदी खालची रेघ आहे. ती आखली हे फार चांगलं झालं. इतकी वर्षं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ‘हा मासा अजून लहान आहे’ असं कायद्याच्या भाषेत म्हणायची सोयच नव्हती.

पण लांबी मोजली जाते धक्क्यावर. मासा मरतो समुद्रात. पट्टी घेऊन उभा असलेला अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यासमोर येतो तो मेलेलाच मासा. दंड केला तर पुढच्या खेपेला ती पिल्लं धक्क्यावर येणार नाहीत, वाटेतच समुद्रात फेकली जातील. कागदावर नियम पाळला जाईल आणि पापलेटच्या जिवाला त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. म्हणून लांबीचा नियम एकटा चालत नाही. त्याला जाळ्याची आणि हंगामाची साथ लागते.

इथे डोल जाळ्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं काही कळणार नाही. डोल म्हणजे समुद्रात एका जागी रोवलेलं, शंकूच्या आकाराचं लांबच लांब जाळं. तोंड प्रचंड रुंद, मागे निमुळतं होत जाणारं, शेवटी बारीक विणीचा खोला, म्हणजे मासळी साठायची पिशवी. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे किंवा नांगर टाकायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि तोंड प्रवाहाकडे करून ठेवून द्यायचं. मासा शोधत फिरायचं नाही. भरतीओहोटीचं पाणी जे काही वाहून आणेल ते तोंडातून आत जातं आणि खोल्यात साठतं. आपल्या उत्तर किनाऱ्याला भरतीओहोटीचा जोर मोठा, म्हणून ही पद्धत इथे रुजली. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते, भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं आणि कामही. पाणी फिरायच्या बेताला, ते थोडा वेळ थबकतं तेव्हा जाळं उचलायचं. खुंट ठोकलेल्या जागेला कव म्हणतात, आणि कुणाची कव कुठे यावरून गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत आली आहेत. कारण सगळा समुद्र सारखा नाही, कुठल्या जागी काय वाहत येतं हे ज्याला कळलं त्याचं घर चालतं.

खोल्याची वीण बारीक का? कारण डोल मुळात ज्यासाठी असते ती मासळीच लहान. जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या दोन पेरांएवढा. करंदी, मांदेली, बोंबील. हे लहान राहिलेले मासे नव्हेत, त्यांचं वयात येणंच तेवढ्या मापाचं. मुंबईपासून पालघरपर्यंतच्या कोळीवाड्यांत वलांडीवर वाळणारे बोंबील आणि खळ्यात पसरलेला जवळा हे सगळं डोलीने आणलेलं. महाराष्ट्रातल्या गरिबाच्या घरात पावसाळ्यात जी सुकी मासळी असते, तिचा मोठा भाग या एका जाळ्यावर उभा आहे. डोल बंद करा म्हणणाऱ्यांनी जवळ्याची चटणी कुणाच्या भाकरीवर असते हे एकदा बघून यावं.

त्याच खोल्यात पापलेटची पिल्लं येतात. उथळ, गढूळ, खाडीच्या तोंडाजवळचं पाणी म्हणजे कोवळ्या माशांचं माहेर. तिथे खायला भरपूर, आणि गढूळपणामुळे मोठ्या माशांच्या नजरेपासून आडोसा. डोली लागतात त्याही तिथेच. जवळ्यासाठी लावलेल्या जाळ्यात पिल्लू शिरलं की प्रवाह त्याला मागे खोल्यात दाबत नेतो. तासन्‌तास त्या दाबाखाली राहून ते वर येतं तेव्हा त्यात जीव उरलेला नसतो. डोलवाल्याने ते पिल्लू मागितलेलं नसतं. जवळा हवा असेल तर बारीक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, हवा, आणि बारीक आस असेल तर पिल्लू येणारच. यात कुणी खलनायक सापडत नाही, म्हणून हा प्रश्न एवढी वर्षं लोंबकळतो आहे असं मला वाटतं. राग काढायला माणूस सापडला की आपल्याकडे आंदोलन उभं राहतं. इथे सगळेच पोटासाठी झटणारे.

आता याच्या दुसऱ्या टोकाला या. सुपर सरंगा. पापलेटमध्ये मादी नरापेक्षा मोठी होते. म्हणजे धक्क्यावरच्या पहिल्या पाटीत, सगळ्यात जास्त भावाच्या, जे मासे पडलेले असतात ते बहुतेक माद्या. माशांमध्ये मोठी मादी म्हणजे नुसती जास्त वजनाची मादी नव्हे. अनेक जातींत असं दिसून आलं आहे की मादीचं वजन दुप्पट झालं की तिची अंडी दुपटीहून अधिक वाढतात. अर्ध्या किलोची एक मादी पाव किलोच्या दोन माद्यांना भारी पडते. आणि आपण गाभोळी निघाली म्हणून खूश होतो! गाभोळी मलाही आवडते, तव्यावर रव्यात घोळून कुरकुरीत झालेली. पण ती ताटात आली याचा अर्थ काय, हे खाताना विसरता येत नाही.

तर पापलेटला आपण दोन्ही टोकांनी धरलं आहे. वीण व्हायच्या आधी एकदा, डोलीत. वीण सगळ्यात भरात असताना दुसऱ्यांदा, बाजारभावाच्या लोभाने. एखाद्या जातीचा साठा टिकायचा असेल तर मधला मासा धरावा, एकदा तरी अंडी घातलेला, पण अजून म्हातारा-मोठा न झालेला. गंमत अशी की सातपाटीच्या बाजूची पापलेट धरायची जुनी पद्धत नेमकी हेच करायची. कल्ल्यात अडकवणारं जाळं पाण्यात उभं राहतं. त्याचा आस मोठा. लहान मासा त्यातून आरपार निघून जातो. खूप मोठा मासा तोंड खुपसतो पण कल्ल्यापर्यंत शिरत नाही, मागे फिरतो. ज्याचं डोकं आत जातं आणि अंग अडतं तेवढाच अडकतो. जाळ्याचा आस ठरला की माशाचं वय ठरतं. ही निवड पाण्यात, मासा जिवंत असताना होते. धक्क्यावरची पट्टी जे करू शकत नाही, ते विणकर करून ठेवतो.

जाळ्याच्या आसाचा हा मुद्दा ट्रॉलरलाही लागू. ट्रॉलरचं जाळं ओढलं जातं तेव्हा हिऱ्याच्या आकाराचा आस ताणाखाली मिटतो. कागदावर 40 मिलिमीटर असलेलं भोक पाण्यात फटीएवढं उरतं आणि पिल्लू बाहेर पडू शकत नाही. तोच आस चौकोनी विणला तर ओढ आली तरी उघडा राहतो. सरकारी नियम ट्रॉलरच्या खोल्याला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगतात, तो यासाठी. फरक फक्त जाळं कुठल्या अंगाने बसवलं याचा. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तरी किती बोटींच्या खोल्याला चौकोनी आस आहे हे कुठल्याही बंदरावर जाऊन स्वतः बघावं.

असे नियम खरोखर चालतात का? चालतात. केरळने 2015 मध्ये माशांच्या किमान लांबीचा नियम आणला, पुढे जातींची यादी वाढवून 58 पर्यंत नेली. तिथे ज्याला किळिमीन म्हणतात, तो आपल्याकडचा राणी मासा. त्याची पिल्लं ढिगाने मारली जात होती. नियम आला, बंदरांवर तपासणी झाली, मच्छीमारांच्या संघटनांनाही त्यात घेतलं गेलं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नंतर अभ्यास केला तेव्हा राणीचं उत्पादन 41 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. समुद्रातली गोष्ट इतक्या लवकर सुधारू शकते यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता, पण विचार केला की पटतं. पिल्लू आज सोडलं की ते काही महिन्यांत अनेक पटींनी वजनदार होऊन त्याच पाण्यात मिळतं. बँकेतल्या ठेवीलाही असा दर मिळत नाही.

आपल्याकडे हंगामाचा नियम जुना आहे आणि लोकांच्या मनात रुजलेला आहे. पावसाळ्यात होड्या शाकारायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मग बोटी लोटायच्या. सरकारी बंदीही पूर्वी या रिवाजाला धरून होती. 10 जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा 15 ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल ते. पुढे केंद्राने सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक लावलं. आता 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. दिवस मोजले तर फार फरक नाही. पण ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या अजून खवळलेला असतो आणि अनेक जातींची वीण नुकतीच आटोपलेली किंवा अजून चालू असते. म्हणून पालघरचे मच्छीमार गेली अनेक वर्षं 15 ऑगस्टपर्यंतची बंदी मागत आहेत. सातपाटीच्या बोटी काही वर्षं पिल्लांचा सुकाळ दिसल्यावर सरकारी तारखेची वाट न पाहता आधीच किनाऱ्याला लागल्या आहेत. आपलं उत्पन्न आपणहून सोडणारा दुसरा कुठला धंदा मला माहीत नाही. शहरात बसून ‘मच्छीमारांनीच समुद्र संपवला’ असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

अडचण एवढीच की सातपाटीची बोट थांबली म्हणून शेजारच्या बंदरातली थांबत नाही, आणि महाराष्ट्र थांबला म्हणून पापलेट गुजरातच्या पाण्यात जायचं थांबत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापलीकडे केंद्राचा. माशाच्या आयुष्यात ही रेघ कितीदा ओलांडली जात असेल. डोलीसाठी म्हणून माझ्या मते खरा उपाय एकच उरतो. जाळं बंद नको, आस वाढवायची सक्ती नको, कारण मग जवळा जाईल. पिल्लं ज्या आठवड्यांत आणि ज्या पट्ट्यात येतात तेवढा काळ तेवढा पट्टा मोकळा ठेवायचा, दोन्ही राज्यांनी मिळून. कुठे आणि कधी, हे ठरवायला उपग्रह लागत नाही. प्रत्येक कवीच्या मालकाला ते पाठ आहे. त्याला विचारावं आणि त्या दिवसांची भरपाई त्याच्या हातात द्यावी. पावसाळी बंदीत मदत देण्याची कल्पना आपल्याकडे आहेच, ती या काही आठवड्यांसाठी ताणायची.

पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालून आवळायचं मोठं जाळं, आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि तो झगडा जास्त करून दक्षिण कोकणात बांगड्या-सुरमईच्या थव्यांवरून आहे. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, पर्ससीनवर निर्बंध घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश निघाला, केंद्राने 2017 मध्ये दिव्यांची मासेमारी बंद केली. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा 1981 चा कायदा 2021 मध्ये सुधारला, दंड लाखांत गेले आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. कायदे आता कमी नाहीत. रात्री समुद्रात जाऊन बघायला बोटी आणि माणसं कमी आहेत.

आकडेवारीतही लांबी दिसत नाही, हे मला फार खटकतं. 2019 मध्ये महाराष्ट्राचं सागरी मत्स्योत्पादन 2.01 लाख टनांवर आलं, 45 वर्षांतलं सगळ्यात कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली होती, बोटी बरेच दिवस बंदरात होत्या, तेव्हा सगळं खापर जास्त मासेमारीवर फोडणं बरोबर नाही. बातमी मात्र टनांची झाली. पुढे टन वाढले की सगळं ठीक झालं असं वाटतं. पण एक टन सरंगा आणि एक टन पिल्लं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दोनेक हजार मासे असतात, दुसऱ्यात त्याच्या दहापट किंवा आणखी कितीतरी. टन तेवढाच, जीव किती वेगळे.

लांबी कमी होते आहे हे सगळ्यात आधी कळतं ते किनाऱ्यालगत छोट्या होड्या चालवणाऱ्यांना. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये हेच झालं. तिथला कॉड मासा पाचशे वर्षं जगाला पुरला. 1980 च्या दशकात किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगू लागले की मासा कमी झाला आहे आणि लहान येतो आहे. शास्त्रीय अंदाज खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरांच्या भरल्या जाळ्यांवर भिस्त ठेवून होते, ते सांगत होते की साठा वाढतो आहे. 2 जुलै 1992 ला सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे 30 हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. व्यापारी मासेमारीवरची ती बंदी उठायला 2024 उजाडलं, आणि तेव्हाही साठा जुन्या पातळीच्या जवळपासही पोचलेला नव्हता. तिथली कितीतरी तरुण मुलं मधल्या काळात गाव सोडून गेली. मला हे वाचताना सातपाटी, मुरबे, दांडी, अर्नाळा आठवतात. तिथलीही मुलं आता बोटीवर जायला तयार नाहीत, खलाशी बाहेरून आणावे लागतात.

डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये एक फार मार्मिक गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र हाच मूळ समुद्र मानते आणि घट तिथून मोजते. मागच्या पिढीने किती गमावलं ते तिच्या हिशेबातच येत नाही. आमच्या घरात याची साक्ष आहे. आजीच्या लेखी पापलेट म्हणजे ज्याच्या तुकड्या पाडाव्या लागतात तो मासा. आईच्या लेखी दोन भाग. माझ्या भाचीला पापलेट म्हणजे अख्खं तळून ताटलीत एकट्याला वाढायचा मासा वाटतो, कारण हॉटेलात तो तसाच येतो. ताटलीत मावणारं पापलेट ही आता एक वेगळी मागणीच झाली आहे. गिऱ्हाइकाला अख्खा मासा हवा, आणि तो स्वस्तात हवा, म्हणजे लहानच हवा.

त्यामुळे मासळी बाजारातही बोलायला लागतं. आमच्या नेहमीच्या मावशींकडे एकदा असाच पिल्लांचा वाटा होता, प्रत्येक पापलेट माझ्या बोटांएवढं. कल्ला उचलून त्यांनी मला लाल दाखवला.

“ताजं आहे बघ. घे ना, बाय.”

“मावशी, हे लहान आहेत, मी नाही घेणार. मांदेली द्या.”

त्यांनी मांदेली मोजली आणि म्हणाल्या, “तू नाही घेतलंस तर मागची घेईल.” मग जरा थांबून, “पण सगळ्याच नाही म्हणाल्या ना, तर मी आणणार नाही. मला तरी कुठे बरं वाटतं. आम्ही लहान होतो तेव्हा आई हे विकायची नाही, लाज वाटायची तिला.”

ती लाज बाजारात परत आली तर साडेतेरा सेंटीमीटरच्या नियमाला खरा पहारेकरी मिळेल. मांदेली, जवळा, बोंबील, करंदी खावी, हे मासे लवकर वयात येतात आणि त्यांची जात पुन्हा भरून निघते. अर्थात त्यांनाही सीमा आहे. बोंबील जवळ्यावर जगतो, घोळ-दाढा बोंबलावर, आणि जवळा संपला तर वरचं सगळंच डगमगेल. पण ताटलीतल्या लहान पापलेटपेक्षा वाटीभर जवळा समुद्राला कितीतरी हलका जातो.

वाढवण बंदराचा उल्लेख केल्याशिवाय पालघरच्या पापलेटबद्दल लिहिणं खरं होणार नाही. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, आणि त्यासाठी 1,448 हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे. डहाणूजवळचा हा उथळ, खडकाळ, चिखलाचा पट्टा म्हणजे माशांची पाळणाघरं. मच्छीमार त्याला सोन्याचा पट्टा म्हणतात. बंदर देशाला हवं की नको याची चर्चा वेगळी, पण माझा जीव त्या पट्ट्यात अडकतो. जाळ्याचा आस वाढवता येतो, बंदीच्या तारखा बदलता येतात, बाजाराला नाही म्हणता येतं. भरून काढलेला समुद्र मात्र कुठल्याही नियमाने पुन्हा उथळ, गढूळ, पिल्लांना लपायजोगा होत नाही.

उरलेल्या किनाऱ्याबद्दल मात्र एक मागणी आजच करता येण्याजोगी आहे, आणि ती मी भेटेल त्या अधिकाऱ्यापुढे मांडते. जाळी आता घरी विणली जात नाहीत, कारखान्यांत तयार होतात आणि दुकानांतून विकली जातात. चौकोनी आसाचा खोला ट्रॉलरला लावायचा असेल तर तपासणी समुद्रात कशाला, दुकानात करा. मोजक्या दुकानदारांवर लक्ष ठेवणं हजारो बोटींमागे धावण्यापेक्षा कितीतरी सोपं. आणि जुना खोला आणून दिला की नवा फुकट द्या. एका बोटीच्या खोल्याला जेवढं जाळं लागतं, त्याचा खर्च सरकारला जड नाही. नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, तो जड आहे, कारण डिझेलची उधारी, बर्फाचं बिल आणि खलाशांची उचल यांतून त्याच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला काही उरलेलं नसतं. हे काम ऑगस्टच्या आधी व्हायला हवं, बोटी वर ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्तीला काढलेली असतात तेव्हा. एकदा बोट लोटली की पुढे दहा महिने कुणालाच वेळ नसतो.